बसून फुंकलं, नॉर्मल आलं, म्हणून मूल नाटकी?

'प्रत्येक आईबाबांनी वाचावे' असं वर, खाली हात जोडलेले. हा मेसेज सध्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मजकूर असा: खेळताना मुलाला धाप लागते, खोकला येतो, तर त्याला तीस सेकंद श्वास रोखायला लावा, जमलं तर फुफ्फुसं ठणठणीत. ऑक्सिमीटर 95 च्या वर असेल तर दमा नाही. तरी शंका असेल तर फुंकायची टेस्ट करा, ती नॉर्मल आली की समजा मूल नाटक करतंय. पळवून करायची टेस्ट हा पैसे उकळायचा धंदा आहे. पंपाची सवय लागते, उंची खुंटते. एवढं करून धाप थांबली नाही तर खेळ बंद करा.

म्हणजे दमा नाहीच, पण खेळ मात्र बंद!

फुंकायच्या टेस्टा करणं, म्हणजे नळीत जोरात फुंकवून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजणं, हे माझं रोजचं काम. असे मेसेज मी न वाचता पुसून टाकते. पण हा माझ्या जावेने वाचला आणि नऊ वर्षांच्या पोराचं नाव खो-खोच्या संघातून काढून आली. त्याचा बसून केलेला रिपोर्ट नॉर्मल होता, त्यामुळे 'नाटकं करतोस' हेही त्याला ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा आधी त्याच मुद्द्याचं बघू.

जोरात पळताना मूल तोंडाने श्वास घेतं. नाकातून जाताना हवा ऊबदार आणि ओलसर होते, ते इथे पुरेसं होत नाही. कोरडी हवा श्वासनळ्यांच्या अस्तरातलं पाणी ओढून घेते, तिथला क्षार वाढतो, पेशींमधून हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं बाहेर पडतात आणि नळीभोवतीचा स्नायू आवळतो. पुढे अर्ध्या-एक तासात बहुतेकदा हे आपोआप सुटतं. आता त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खुर्चीत बसवून 'मोठा श्वास घे, फुंक, फुंक, अजून, अजून' केलं, तर आलेख सुरेखच येणार. न पळवता काढलेला रिपोर्ट पळतानाचं काय सांगणार?

अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुफ्फुसांच्या डॉक्टरांच्या संघटनेची यावरची 2013 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. या त्रासाचं निदान नुसत्या लक्षणांवर करू नका, व्यायामाआधी आणि नंतर पुन्हा पुन्हा फुंकवून बघा, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. नाकाला चिमटा लावायचा, कोरड्या हवेत ट्रेडमिलवर सहा ते आठ मिनिटं पळवायचं, तेही रमतगमत नाही. नाडी कमाल वेगाच्या 80 ते 90 टक्क्यांपर्यंत गेली पाहिजे. मग साधारण 5, 10, 15 आणि 30 मिनिटांनी फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 10 टक्के किंवा जास्त घटली तर टेस्ट पॉझिटिव्ह. समजा आधी 1.60 लिटर होती आणि नंतर 1.28 झाली, ही 20 टक्के घट. पोर नाटक करत नव्हतं.

लहान मुलांत तर वेळेचं गणित आणखी घट्ट असतं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या डॉक्टरांनी ट्रेडमिलवर न टिकणाऱ्या चिमुरड्यांना जत्रेत असतं तसल्या हवा भरलेल्या जंपिंगवर उड्या मारायला लावून ही टेस्ट केली, तीही बर्फावर स्केटिंग करायच्या थंडगार हॉलमध्ये. दिसलं असं की लहानांच्या नळ्या लवकर आवळतात आणि लवकर सुटतात. काहींच्या तर व्यायाम चालू असतानाच आवळतात. म्हणून त्यांना थांबल्या थांबल्या, एक-दोन मिनिटांत फुंकवावं लागतं. पाच मिनिटं पाणी पाजत बसलात तर मोठी घट हातची जाते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, जिवावर येतं तरी. धाप लागणारं प्रत्येक मूल दम्याचं नसतं. कुणाचा सराव कमी असतो, कुणाची पळताना घशातली स्वरयंत्राची फट मिटते. आमच्याकडे आलेल्या कितीतरी मुलांची टेस्ट निगेटिव्ह येते. पण हे ओळखायला जी टेस्ट लागते तिलाच हा मेसेज धंदा म्हणतोय.

श्वास रोखण्याबद्दल काय बोलायचं! 2020 मध्ये कोरोनासाठी हेच 'दहा सेकंद' म्हणून फिरलं होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते खोडून काढलं होतं. श्वास किती वेळ रोखता येतो हे सराव आणि हट्टावर ठरतं, नळी किती आवळली ते त्यातून कळत नाही. धापा टाकणाऱ्या पोराला श्वास रोखायला लावणं तर निव्वळ क्रूरपणा. ऑक्सिमीटरचंही तेच. नळ्या बऱ्यापैकी आवळल्या तरी आकडा 97-98 राहू शकतो. तो घसरतो तेव्हा उशीर झालेला असतो.

पंपाची 'सवय' म्हणजे व्यसन नव्हे. मात्र साल्ब्युटामॉलचा, म्हणजे आवळलेल्या नळ्या लगेच सैल करणारा पंप रोज घेतला तर त्याचा असर कमी होतो, हे वरच्याच अमेरिकन तत्त्वांत लिहिलंय. त्यावर उपाय म्हणून डॉक्टर रोजचं दुसरं औषध जोडतात, पंप कचऱ्यात टाकायला सांगत नाहीत. उंचीचं म्हणाल तर, अमेरिकेत बुडेसोनाइड, म्हणजे रोज ओढायचं स्टिरॉइड, घेणाऱ्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला. फरक निघाला सरासरी 1.2 सेंटीमीटर.

आणि खेळ बंद? 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला गेलेल्या अमेरिकेच्या संघात व्यायामाने नळ्या आवळणारे 67 खेळाडू होते. त्यांनी 41 पदकं आणली.

जावेला मी टेस्टची वेळ घेऊन दिलीय. तुम्हीही जाणार असाल तर कुठलं औषध किती तास किंवा किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, कारण सकाळी पंप मारून आलेल्या मुलाची टेस्ट फुकट जाते. त्या दिवशी आधी पळापळ नको, भरपेट जेवण नको. आणि कृपा करून पायात बूट घालून आणा. चपला घालून आलेल्या मुलाला ट्रेडमिलवर चढवता येत नाही.