जावाला पायथॉनचं ऑब्जेक्ट देताना…

परत तेच! पायथॉनमध्ये साधा कम्पॅरेटर (दोघांत आधी कोण, नंतर कोण हे ठरवणारा कोड) लिहिला. म्हटलं, जावाकडे सॉर्टला देऊ. मधे डायनॅमिक प्रॉक्सी (जावाचे कॉल झेलून पुढे पाठवणारं तोतया ऑब्जेक्ट) बसवली की झालं, असं सगळे सांगतात. झालं कुठलं डोंबल!

कंपेअर मेथडकडून उत्तर हवं इंट (जावाचा साधा पूर्णांक). आमच्या पुलाने (जावा-पायथॉन जोडणाऱ्या कोडने) पायथॉनचा १ उचलून लाँग (मोठा पूर्णांक) करून दिला, आणि जावाबाईंनी क्लासकास्ट एक्सेप्शन (‘हा प्रकार चालणार नाही’ अशी एरर) तोंडावर फेकलं. एक म्हणजे एकच ना गं बाई?

ते निस्तरलं, तर ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये (जावाच्या संचात) टाकल्याबरोबर हॅशकोडची (ऑब्जेक्ट शोधायला लागणाऱ्या आकड्याची) विचारणा थेट पायथॉनकडे. त्याला बिचाऱ्याला हॅशकोड ठाऊकच नाही. एरर तिकडे, इकडे मात्र ‘अनडिक्लेअर्ड थ्रोएबल’ नावाची दुसरीच एरर, आणि तिचा गेटमेसेज (मजकूर) मागितला तर हातात नल, म्हणजे काहीच नाही. खरं कारण गेटकॉजमध्ये (मूळ एरर देणाऱ्या मेथडमध्ये) दडी मारून बसलेलं.

डीबगर (कोड मधेच थांबवून आत बघायचं साधन) लावला तर आणखीच मजा. व्हेरिएबल नुसतं बघायला गेलं की तो टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचं वर्णन देणारी मेथड) बोलावतो, म्हणजे परत पुलापलीकडे फेरी. पायथॉन ब्रेकपॉइंटवर थांबलेला, जावा त्याच्या उत्तरासाठी ताटकळलेला, आणि मी दोघांकडे बघत गार चहा पितोय.

बरं, प्रॉक्सी घेणार फक्त इंटरफेस (कुठल्या मेथड हव्यात त्याची यादी). समोरच्या लायब्ररीत अॅबस्ट्रॅक्ट क्लास (अर्धवट लिहिलेला क्लास) निघाला की बसा बोंबलत!