पाळी जाताना डिप्रेशनच्या गोळ्या बंद कराव्यात का? एका मेसेजबद्दल खुलासा

म्हापशातल्या आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर चतुर्थीपासून एक मेसेज फिरतोय: ‘पाळी जातानाची उदासी हार्मोनची असते. डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते, आजच बंद करा.’ हे चुकीचं आहे, आणि धोक्याचंही.

हार्मोन खालीवर होतात, झोप मोडते, मन ढासळतं, इथवर खरं. पाळी थांबण्याआधीच्या काळात काहीजणींना हार्मोनच्या उपचाराने मनालाही आराम पडतो. पण तीव्र डिप्रेशनमध्ये तो या गोळ्यांची जागा घेत नाही. गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. एकदम सोडल्या तर मात्र चक्कर येते, जीव घाबरतो, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. आमच्यातल्या एका ताईंनी मेसेज वाचून गोळ्यांची पट्टी फ्रीजवर टाकली. चौथ्या दिवशी त्या भिंत धरून न्हाणीत जात होत्या. फार वाईट वाटलं बघून.

उलट पॅरोक्सेटीन ही यातलीच एक गोळी, ७.५ मिलिग्रॅमच्या डोसात, अमेरिकेत २०१३ पासून अंगातून निघणाऱ्या वाफांसाठी मंजूर आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर मात्र ती नको, त्या औषधाचा गुण कमी होतो.

मन फारच खचलं असेल तर बांबोळीच्या सरकारी मानसोपचार इस्पितळात जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.