आत्याचा ससा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, सगळं खानदान एका कूलरपुढं पसरलेलं असतंय आणि अशा टायमाला कुणीतरी शहाणपणा काढतोच. यंदा पुण्याला आयटीत असलेल्या भाच्यानं काढला. रमी नको म्हणे, डिक्सिट खेळू. २००८ सालचा, एका फ्रेंच डॉक्टरनं काढलेला गेम आहे, २०१० ला जर्मनीत वर्षातल्या बेस्ट गेमचं बक्षीस मिळालंय, वगैरे वगैरे. दाजींनी विचारलं, पैसे लावायचे का? नाही म्हटल्यावर त्यांचा निम्मा इंटरेस्ट तिथंच संपला.

८४ पत्ते, पण राजा-राणी-गुलाम कुणी नाही, नुसती चित्रं, आणि तीपण तापात पडल्यावर दिसतात तसली. प्रत्येकाला सहा पत्ते. ज्याची पाळी त्यानं आपला एक पत्ता मनात धरायचा, त्यावरनं एखादा शब्द नाहीतर वाक्य बोलायचं आणि पत्ता पालथा ठेवायचा. बाकीच्यांनी त्या वाक्याला जुळेल असा आपल्यातला एकेक पत्ता द्यायचा, मग सगळे पिसून उघडे मांडायचे आणि मूळ पत्ता कुठला ते ओळखायचं. इथपर्यंत सगळ्यांना कळलं. पुढची मेख अशी की सगळ्यांनीच ओळखला तर बोलणाऱ्याला शून्य, कुणीच नाही ओळखला तरी शून्य! म्हणजे एखाद्याला तरी कळलं पाहिजे पण सगळ्यांना कळता कामा नये.

आता हे सोलापूरकराला कसं जमायचं? आमच्यात मनात आलेलं तोंडात यायला वेळ लागत नाही. पहिली पाळी दाजींची. पत्त्यावर गोगलगाय आणि तिच्यापुढं वर वर जाणारा जिना. दाजी म्हणाले, "स्मार्ट सिटीचं काम." पाचही जणांचं बोट गोगलगायीवर. दाजींना शून्य, आम्हाला दोन-दोन. "खरं बोललो तर झीरो? हा कसला गेम बे!" म्हणून ते कूलरकडं तोंड करून बसले. बायकोनं काहीतरी "स्वप्नातला पाऊस" असं म्हटलं, कुणालाच कळलं नाही, तिलाही शून्य. (माझ्या पाळीबद्दल न बोललेलं बरं.)

मग आली आत्याची पाळी. हिला आम्ही आकडा भरावा म्हणून बसवलेलं, चष्माही धड सापडत नव्हता. तिनं सहाही पत्ते डोळ्यापाशी नेऊन बघितले, एक खाली ठेवला आणि शेंगाचटणीची बरणी सरकवावी इतक्या सहज म्हणाली, "ज्याच्या हाती, त्याचीच म्हणायची, दुसरं काय."

सहा पत्ते मांडले. आम्ही सगळे कुठं सिंहासनाकडं, कुठं जहाजाकडं. वहिनीनं मात्र क्षणभर पण विचार न करता किल्लीच्या चित्रावर बोट ठेवलं, कानाच्या पाळ्या लाल. आजीच्या पाटल्या वहिनीच्या कपाटात आहेत हे घरात सगळ्यांना माहिती आहे, पण ते ऐकू फक्त तिलाच आलं. आत्याला तीन, वहिनीला तीन. भाचा टाळ्या वाजवतोय, "परफेक्ट क्लू, आजी!" त्याला बिचाऱ्याला काय माहीत. अहो, सुनांच्या देखत, पाहुण्यांच्या पंगतीत, भर लग्नाच्या मांडवात नेमक्या एकीलाच लागेल असं बोलायची पन्नास वर्षांची प्रॅक्टिस आहे तिची, हा फ्रेंच डॉक्टर काय शिकवणार तिला?

पुढची पाळी वहिनीची. तीपण काय कमी आहे होय? "येतात, जात नाहीत," म्हणाली. आत्यानं सरळ पत्ता उचलूनच दाखवला. परत दोघींना तीन-तीन. असं करत गुण मोजायच्या पाटीवर (सोंगट्या सशाच्या असतात) आत्याचा आणि वहिनीचा ससा टणाटण पुढं आणि दाजींचा अजून चौकटी मोजत बसलेला. तीस पॉइंटला खेळ संपतो, आत्या पोचली. खूश होऊन भाच्याला विचारते, "अजून पत्ते मिळतात का रे याचे?" मिळतात म्हणाला, प्रत्येक डब्यात नवीन ८४. "मग मागव की."

वहिनीनं पर्स उचलली. आज पाणी सुटणार आहे, टाकी भरायला पाहिजे, म्हणाली. त्यांच्याकडं पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलेलं.