पुण्यात फुटबॉल चालत नाही, हे आता पुरे झाले

शहरात नवा व्यावसायिक फुटबॉल संघ येणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली, की कार्यालयात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी जाणकाराच्या थाटात मान हलवतो आणि म्हणतो, ‘पुण्यात फुटबॉल चालत नाही.’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत आणि आता मला त्याचा मनापासून संताप येतो. पुरावा विचारला तर उत्तर ठरलेले असते, की इथले सगळे संघ बंद पडले. संघ बंद पडले हे खरेच आहे. पण ते कुणी बंद केले, कोणत्या वेळी केले आणि तेव्हा संघ मैदानावर कसा खेळत होता, हे पाहण्याची तसदी यांच्यापैकी कुणीही घेतलेली नसते. ज्या शहराकडून संघ काढून नेले, त्याच शहराला नालायक ठरवून हे लोक मोकळे होतात.

पुणे एफसीपासून सुरुवात करू. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहाने हा क्लब उभा केला. तो दुसऱ्या विभागात खेळला, तिथून वर चढला आणि 2009-10 मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, आपल्या पहिल्याच हंगामात थेट तिसरा आला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. पुढे भारताचा आघाडीवीर झालेला जेजे लालपेखलुआ ऐन विशीत या संघाकडून खेळला, भारताचा बचावपटू अनस एडाथोडिका इथेच घडला, आणि जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळला तो याच क्लबचा खेळाडू असताना. 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ संघ उपविजेता ठरला. क्लबच्या अकादमीतल्या मुलांनी राष्ट्रीय युवा स्पर्धा एकापेक्षा अधिक वेळा जिंकल्या. सहा वर्षांत शून्यातून एवढे उभे करणारा संघ अपयशी म्हणायचा असेल, तर या देशात यशस्वी क्लब कोणता, ते एकदा सांगावे. आणि तरीही 2015 मध्ये हा संघ गुंडाळला गेला, कारण 2014 मध्ये इंडियन सुपर लीग ही पैसे भरून संघ घ्यायची नवी स्पर्धा आली, झगमगाट आणि दूरचित्रवाणी तिकडे गेली, आणि खालून खेळत वर आलेल्यांची आय-लीग एका रात्रीत दुय्यम ठरवली गेली. त्या निर्णयात पुण्यातल्या एकाही प्रेक्षकाचे मत कुणी विचारले नव्हते.

2014-15 च्या त्या हंगामात या एका शहरात तीन व्यावसायिक संघ होते, ही गोष्ट आज कुणाला आठवतसुद्धा नाही. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा नवा भारत एफसी, सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. तिन्ही संघ एकाच बालेवाडीच्या मैदानाभोवती, एकाच प्रेक्षकवर्गाकडे आशेने पाहणारे. शहर किती संघ पोसू शकेल याचा साधा विचार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केला नाही. ज्याने प्रवेशाचे पैसे भरले त्याला दार उघडून दिले. भारत एफसी पहिल्याच हंगामात तळाला राहिला. त्याला खाली ढकलले जाण्यापासून आधीच सूट मिळालेली होती, तरी पुढच्या हंगामापूर्वी तो नाहीसा झाला. त्याच्या जागी डीएसके शिवाजियन्स असाच थेट प्रवेश घेऊन आला आणि दोन हंगाम खेळून गेला. या संघाने लिव्हरपूल क्लबशी हातमिळवणी करून मोठी अकादमी काढली होती, तिच्यासाठी मुले घरदार सोडून आली होती. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे विचारायला कुणीही फिरकले नाही.

राहता राहिला एफसी पुणे सिटी. युरोपातले नामवंत खेळाडू आणले गेले: त्रेझगे आला, मुतू आला, गुडयॉनसनचे नाव आले, ह्रितिक रोशन सहमालक म्हणून प्रेक्षकांत बसला. पहिले काही हंगाम संघाचा सूर लागत नव्हता, हे मान्य करायलाच हवे, कारण दरवर्षी नवा प्रशिक्षक आणि जवळजवळ नवा संघ असेल तर सूर लागणार कसा? पण 2017-18 मध्ये मार्सेलिन्हो आणि अल्फारो यांच्या जोडीने जो खेळ केला, तो ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांना पुण्यात फुटबॉल चालतो की नाही हे शिकवायला जाऊ नये. संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला, बालेवाडीत बेंगळुरूला गोलशून्य बरोबरीत रोखले, आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीच्या तीन गोलांपुढे हरला. तेव्हा वाटले होते की आता कुठे हा संघ शहराचा होऊ लागला आहे. त्यानंतर फक्त एक हंगाम गेला आणि 2019 मध्ये क्लब संपला, कारण मालकांची आर्थिक घडी विस्कटली होती. लीगमधली जागा नव्या मालकांना मिळाली आणि बिऱ्हाड हलवावे तसा सगळा संसार उचलून हैदराबादला नेला गेला. ज्यांनी पाच वर्षे नारिंगी कपडे घालून घसा कोरडा केला, त्यांना संघ जातो आहे हे सांगण्याचे सौजन्यही नीट दाखवले गेले नाही.

पुढचा भाग तर ‘चालत नाही’वाल्यांनी मुद्दाम वाचावा. तोच हैदराबाद संघ 2022 च्या मार्चमध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून सुपर लीगचा विजेता ठरला. म्हणजे ज्याला यश म्हणतात ते सगळ्यात मोठे यश त्या शहराला मिळाले. मग काय झाले? दीडदोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, मालकी बदलली आणि 2025 मध्ये संघ दिल्लीला हलवला गेला. आणि दिल्ली म्हणजे तेच शहर, जिथून 2019 मध्ये दिल्ली डायनामोज उचलून भुवनेश्वरला नेला होता! आता हैदराबादमध्येही फुटबॉल चालत नाही म्हणायचे का? दिल्लीत 2019 मध्ये चालत नव्हता आणि 2025 मध्ये अचानक चालायला लागला का? कोणत्याही शहरात, कोणत्याही संघाला, अगदी करंडक जिंकूनसुद्धा उद्याची खात्री मिळत नसेल, तर दोष प्रेक्षकांचा आहे हे म्हणण्याची हिंमत होते तरी कशी?

मुंबईकरांनाही हे दुखणे नवे नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी 2017 मध्ये खालच्या विभागात घसरला आणि संपला.

प्रेक्षक कमी येत होते, असे सांगितले जाते. काही सामन्यांना येत होते कमी. पण का, याचे उत्तर बालेवाडीच्या रस्त्यावर उभे राहिले की मिळते. पुण्यात फुटबॉल जिथे खेळला जातो ते भाग म्हणजे कॅम्प, खडकी, दापोडी, येरवडा, कोंढवा; आणि मैदान शहराच्या पार पश्चिमेला, महामार्गाला लागून. रात्री आठला सुरू होणारा सामना दहाला संपायचा आणि त्यानंतर पोराबाळांना घेऊन परत कसे जायचे, याचा विचार ना आयोजकांनी केला ना शहर चालवणाऱ्यांनी. दुचाकी नसलेल्या माणसाने बसची वाट पाहायची आणि शेवटी रिक्षावाला मागेल ते पैसे द्यायचे. आत गेल्यावर मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा रुंद मार्ग, कारण ते मैदान 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले आहे, फुटबॉलसाठी नव्हे. एवढे करून माणसे येत होती, याचे कौतुक व्हायला हवे होते. त्याऐवजी रिकाम्या खुर्च्यांची छायाचित्रे काढून शहराची अब्रू काढली गेली.

बेंगळुरूलाही धावण्याचा मार्ग असलेलेच मैदान मिळाले होते, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे, पण त्यांचे कंठीरवा मैदान शहराच्या मधोमध आहे आणि तिथे माणूस मेट्रोने पोहोचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 2013 मध्ये सुरू झालेल्या बेंगळुरू एफसीने पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, 2016 मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकाची अंतिम फेरी गाठली, पुढे सुपर लीगही जिंकली, आणि या सगळ्या काळात त्याचा मालक, त्याचे नाव आणि त्याचे शहर बदलले नाही. छेत्रीसारखा कर्णधार वर्षानुवर्षे तिथेच राहिला. त्या क्लबचेही वाईट हंगाम आले, पण वाईट हंगाम आला म्हणून कुणी गाशा गुंडाळला नाही. नवा संघ शहरात रुजतो तो असा.

आणि महाराष्ट्रात हे होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापूरला जाऊन यावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने शाहू स्टेडियमवर असतात तेव्हा पेठाच्या पेठा तिथे लोटतात आणि सामना संपल्यावरही चौकाचौकांत वाद चालू राहतात. तिथे कुठलाही नट सहमालक नाही आणि एफसी पुणे सिटीसारखा इटलीतला क्लब भागीदार नाही. संघ पेठेचा आहे, तालमीचा आहे, आजोबा ज्या संघाचे होते त्याच संघाचा नातू आहे, आणि तो संघ पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला विकला जाणार नाही याची प्रत्येकाला खात्री आहे. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. एवढे वेड, एवढी गुणवत्ता या राज्यात असताना तिला वर नेणारा एक टिकाऊ क्लब आपण उभा करू शकलो नाही, याची लाज प्रेक्षकांनी नव्हे, हा खेळ चालवणाऱ्यांनी बाळगायला हवी. पण लाज बाळगणार कोण? 2025 च्या जुलैमध्ये महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातला करार संपत आला म्हणून अख्खी सुपर लीग थांबवून ठेवली गेली आणि देशातल्या अव्वल खेळाडूंना आपण पुढच्या महिन्यात कुठे खेळणार हे ठाऊक नव्हते. ज्यांना स्वतःची लीग सुरू ठेवता आली नाही, त्यांच्या कारभाराचे खापर आमच्या डोक्यावर फोडू नका.

म्हणून पुण्यात पुन्हा नवा संघ आणण्याची भाषा जो कुणी करील, त्याला शहराने आधी अटी घालाव्यात, असे माझे ठाम म्हणणे आहे. मैदानाचा निदान दहा वर्षांचा करार दाखवा. मालक बुडाला तरी खेळाडूंचे दोन हंगामांचे पगार निघतील एवढी रक्कम बँकेत अनामत ठेवा. संघाचे नाव, रंग आणि चिन्ह शहराबाहेर नेता येणार नाही, हे जिल्हा फुटबॉल संघटनेशी लेखी करा. अकादमीत घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना क्लब बंद पडल्यास त्याचे शिक्षण आणि प्रशिक्षण कोण पुढे नेणार, हे कागदावर लिहून द्या. सामन्याच्या रात्री खडकी, कॅम्प आणि स्वारगेटपर्यंत शेवटची बस किती वाजता सुटेल, ते तिकिटावर छापा. यातली एकही गोष्ट न करता जर कुणी पुन्हा नटांना घेऊन जर्सीचे अनावरण करणार असेल, तर त्या दिवशी पत्रकारांनी पुणेकर येतील का हे विचारू नये. तुम्ही किती वर्षे राहणार आहात, हे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.