चौथ्या सीटचं मानसशास्त्र

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या, म्हणजे मराठा समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या, पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला. जागा 200 च का, असा प्रश्न होता. त्यावर तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले, पीएचडी करून काय दिवे लावणार? ती क्लिप घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली आणि खाली मला टॅग केलं. मी नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला आरोग्य-मानसशास्त्रात पीएचडी करते. विषय: कामावर जाण्यायेण्याचा प्रवास आणि ताण. म्हणजे मूळची मुंबईकर आणि मोजते कोणाला, तर सायकलवरून वीस मिनिटांत ऑफिस गाठणाऱ्या डच लोकांना.

क्लिपवर भांडणं झाली. पण त्याच वर्षी बार्टीची, म्हणजे अनुसूचित जातींसाठीच्या तशाच संस्थेची, मुलं फेलोशिपसाठी आझाद मैदानात उपोषणाला बसली होती, त्याबद्दल ग्रुपवर तेव्हा अवाक्षर नव्हतं. भारतात नेट-जेआरएफ ही केंद्राची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये, नाही मिळाली तर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवा आणि रात्री थिसिस लिहा. इथे माझ्यासारखी संशोधक नोकरदार असते. चार वर्षांचा करार, पगार, वर सुट्टीचा भत्ता 8 टक्के. शेवटी व्हायवाच्या दिवशी पाऊण तास झाला की एक अधिकारी हातात दंड घेऊन येतो, जमिनीवर आपटतो आणि लॅटिनमध्ये ‘वेळ झाली’ म्हणतो. उत्तर अर्धवट असलं तरी सुटका.

मात्र हा स्वर्ग नव्हे. आपल्या देशाची शिष्यवृत्ती घेऊन आलेली मुलं माझ्याच शेजारच्या टेबलावर कमी पैशांत तेच काम करतात. विद्यापीठांचा निधी कापायला सरकार निघालं तेव्हा 2025 मध्ये इथले प्राध्यापकही संपावर गेले. आणि शेजारच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती, 2017 साली प्रसिद्ध झालेली. 32 टक्क्यांना नैराश्यासारख्या मानसिक आजाराचा धोका दिसला. पगार असूनही. दुसऱ्यांचं स्वास्थ्य मोजणाऱ्यांचं हे स्वास्थ्य.

तरी दिव्यांचा प्रश्न मी झटकून टाकत नाही. मुंबईतलं माझं एमएचं डिझर्टेशन आठवलं की लाज वाटते. 120 चा नमुना, साठ मुलगे, साठ मुली, कारण गाईडना टी-टेस्ट, म्हणजे मुलगे-मुलींच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी, हवी होती. गूगल फॉर्म व्हॉट्सॅपवर फिरवला, ‘प्लीज भर ना, दोनच मिनिटं’ म्हणत. भरणारे सगळे मैत्रिणींचे मित्र. निष्कर्ष असा, की ताण वाढला की समाधान कमी होतं. हे परळच्या आमच्या चाळीत कुणीही फुकट सांगितलं असतं.

पण हसायचं तर इथल्यांनाही हसावं लागेल. इथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगांत भाग घेण्याचे ठरावीक तास भरावेच लागतात, त्यामुळे नमुना आयता. 2008 सालच्या एका मोजणीत मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतले 96 टक्के नमुने पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. पुढे 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी असल्या नमुन्यांना ‘विअर्ड’ असं नाव दिलं (पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाहीवादी यांची इंग्रजी आद्याक्षरं; शब्दाचा अर्थ विचित्र), आणि ते चिकटलं. आम्ही मुंबईत ज्या प्रश्नावल्या भरून घेत होतो, त्या म्हणजे याच विअर्ड लोकांसाठी शिवलेले कपडे होते.

मागच्या वर्षी ताणाची एक प्रसिद्ध प्रश्नावली मी मराठीत आणायला घेतली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांची, 1983 ची. भाषांतर तपासायला डोंबिवलीच्या मावशीला फोन लावला. तिला फोर्टात नोकरी आहे, अठ्ठावीस वर्षं लोकल. प्रश्न होता, गेल्या महिन्याभरात गोष्टी मनासारख्या घडताहेत असं किती वेळा वाटलं?

“कोणाच्या मनासारख्या?” मावशी म्हणाली. “सासूबाईंच्या, यांच्या, का पोराच्या?”

“तुझ्या गं.”

“त्या तिघांच्या मनासारखं झालं की माझं डोकं शांत. लिही, नेहमी.”

म्हणजे कागदावर मावशीला ताण जवळजवळ नाहीच! माणूस एकटा नसतो, त्याच्या ‘मी’त घरचे बसलेले असतात, हे हेझल मार्कस आणि शिनोबु कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्येच मांडलंय. तो लेख मी परीक्षेपुरता पाठ केला होता. कळला मावशीमुळे.

याच मावशीच्या लोकलच्या डब्यात सकाळी भाजी निवडली जाते, संक्रांतीला हळदीकुंकू होतं, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलं तर अर्धा डबा गप्प असतो. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, अर्धी हवेत, आणि बाकीच्या तिघी न सांगता सरकतात. सामाजिक आधारावर आम्ही इथे आकृत्या काढतो, आणि तो आधार तिकडे चौथ्या सीटवर बसलेला असतो. मला वाटतं, दिवा लावायचा तर तिथे. पण त्याला डब्यात सहा-आठ महिने काढणारी मुलगी हवी. वेळेवर हातात पैसे पडत असतील तरच तिला ते जमेल. उपोषण करून झाल्यावर मिळालेल्या थकबाकीतून असं काम होत नाही, गूगल फॉर्मच होतो.

डिसेंबरात येऊन मी छोटी सुरुवात करणार आहे. इथल्या नीतिसमितीला अर्ज दिला. त्यांनी विचारलं, सहभागी व्यक्तीला कोणत्याही क्षणी निघून जाता येईल ना? सकाळी आठच्या फास्ट लोकलमध्ये! मी लिहिलं, उत्तरं देणं थांबवता येईल, निघून जाण्याची हमी देऊ शकत नाही.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “ये की. पण काय विचारायचं ते ठाण्याच्या आत विचारून घे. ठाण्याला बायका चढल्या की पेन धरायला हात वर येत नाही.”