खांदा कूलरनं धरला म्हणून सोडून देऊ नका

‘पार्किन्सनच्या पेशंटचा खांदा कूलरच्या हवेनं धरतो. हात गळ्यात बांधा, जोरात मालीश करून खांदा मोकळा करा. गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही.’ नागपुरात उन्हाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यातला एकही सल्ला पाळू नका.

आधी कूलर. गार हवेनं अंग आखडतं, पण खांदा महिनोन्महिने धरून राहत नाही. पार्किन्सन हा हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, तो बहुधा एका बाजूनं सुरू होतो. त्या बाजूचे स्नायू ताठरतात, चालताना हात हलेनासा होतो आणि न हललेला सांधा आखडत जातो. काहींचा खांदा तर कंप दिसायच्या आधीच धरतो. सोबत शुगर असेल, तर फ्रोझन शोल्डरचा, म्हणजे सांध्याचं आवरण आखडून खांदा गोठण्याचा, धोका आणखी वाढतो.

ताठरपणा जास्त की सांधा गोठलाय, याचा अंदाज घरीही येतो. पेशंटला उताणं झोपवा, कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा, मनगट धरून हात हळूच बाहेर न्या. अडखळत का होईना पुढे गेला, तर ताठरपणा. दुसऱ्या हातापेक्षा बराच आधी ठाम थांबला आणि कळ आली, तर सांध्याचं आवरण आखडलंय. दोन्ही एकत्रही असतात, त्यामुळे पक्कं निदान डॉक्टरांकडूनच.

गोळ्यांचा संबंध नाही, हे साफ चूक. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळीचा, असर उतरला की खांदा ठणकू शकतो. 3-4 दिवस गोळीची वेळ आणि दुखण्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. गोळीआधी ठणका आणि घेतल्यावर तासाभरात उतार दिसला, तर तो कागद न्यूरोलॉजिस्टला दाखवा. गोळी दुधासोबत नको, प्रथिनांमुळे तिचा असर कमी होतो. जेवणाआधी अर्धा तास घ्यावी, मळमळलं तर सोबत एखादं बिस्किट. स्वतःहून बंद मुळीच करू नका.

बांधून ठेवलेला हात आणखी आखडतो. गोळी लागू पडल्यावर 15 मिनिटं शेका, मग उताणं झोपून दोन्ही हातांनी काठी धरून डोक्याकडे न्या, सोसेल तेवढीच. 10 वेळा, दिवसातून दोनदा. तोल जात असेल तर उभ्यानं वाकून हात झुलवू नका. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

तेल हलक्या हातानं चोळायला हरकत नाही, पण झटका देऊन हात ओढला तर खांद्याचे स्नायूबंध फाटू शकतात. खाटेवरून उठवताना घरचेही मायेनं हाताला धरूनच ओढतात, तेही टाळा. पेशंटला काठापर्यंत सरकू द्या, पावलं मागे घेऊन पुढे झुकू द्या, आधार कमरेला द्या.

पडल्यानंतर हात उचलता येत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खांदेदुखीसोबत घाम, धाप किंवा छातीत दाब जाणवला, तर शेकत बसू नका. मेडिकल (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा जवळ असेल त्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत लगेच न्या.