डेटाबेस चालू झाला म्हणजे तयार झाला असं नाही
भाऊ, डॉकर कंपोजवरचा (ॲप, डेटाबेस असे वेगवेगळे कंटेनर, म्हणजे प्रोग्रामचे बंद डबे, एकत्र चालवायचं टूल) लेख मस्त, पण ॲपच्या सेटिंगमध्ये डिपेंड्स-ऑन (आधी डेटाबेस, मग ॲप) लिहिलं की झालं काम, असं जे तुम्ही म्हटलं ते अर्धंच हाय. ते फक्त कंटेनर सुरू व्हायची वाट पाहते, आतला पोस्टग्रेस डेटाबेस कनेक्शन घेते का नाही याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, म्हणून डेटाबेसले हेल्थचेक (तो खरंच तयार हाय का ते तपासणारी कमांड) टाका अन डिपेंड्स-ऑनच्या कंडिशनमध्ये सर्व्हिस-हेल्दी ठेवा. मी धरमपेठेतल्या रूमवर अख्खी रात्र ॲप पडते काहून म्हणून डोकं फोडत बसलो, कूलर अन लॅपटॉपचा पंखा दोन्ही घरघर करत, तर निघालं काय की ॲपमध्ये डेटाबेसच्या पत्त्यात होस्टच्या जागी लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन'), पोर्ट ५४३२ लिहून ठेवलं होतं, अन कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच ना बे! तिथं कंपोज फाईलमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव लागते. अन हो, सगळं बंद करायच्या कंपोज डाऊन कमांडच्या मागं डॅश व्ही (-v) लावू नका, व्हॉल्यूमसकट (डेटा साठवायची जागा) डेटा साफ, मले विचारा.